खुणा नसलेली सिंफनी

आठवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढं कितीतरी वर्षांनी ताईनं मला अमेरिकेत बोलावून घेतलं, तेव्हा मला वाटलं होतं, मी तिची मुलं सांभाळीन, पोळ्या करीन, घराबाहेर पडायची वेळच येणार नाही. पण मुलं शाळेत जायला लागली आणि ताई म्हणाली, "दिवसभर खिडकीशी बसून तुला वेड लागेल. काहीतरी कर." ती हॉस्पिटलात नर्स. तिच्याच एका पेशंटच्या ओळखीनं मला जर्सी सिटीत काम मिळालं. काम काय, तर खोडायचं.

म्हणजे असं, की मोठ्या ऑर्केस्ट्राला एखादी सिंफनी वाजवायची असली तर प्रत्येक वाद्याला आपापला वेगळा कागद लागतो. त्याला पार्ट म्हणायचं. बासरीवाल्याच्या पार्टात फक्त बासरी, नगाऱ्यावाल्याच्या पार्टात फक्त नगारा. सगळ्यांचे मिळून होतो सेट. असे सेट भाड्यानं देणारी एक कंपनी नदीकाठच्या जुन्या गोदामांपैकी एकात होती. गावोगावचे ऑर्केस्ट्रा सेट मागवायचे, तालमी करायचे, कार्यक्रम झाला की खोक्यात भरून परत पाठवायचे. तालमीत वाजवणारी माणसं आपापल्या पार्टवर पेन्सिलीनं खुणा करतात. गज खाली ओढायचा की वर, कोणतं बोट कुठं, श्वास कुठं घ्यायचा. सेट परत आला की त्या सगळ्या खुणा खोडायच्या, म्हणजे पुढच्या गावाला कोरा सेट जाईल. खोडणारी मी.

घरी याची फार चेष्टा व्हायची. भावजी म्हणायचे, "शाळेत हिची पाटी पुसायची राहिली होती. देवानं विमानात बसवून आणलं, पण पुसून घेतलीच." भाची आपल्या मैत्रिणींना सांगायची, "माय मावशी इरेजेस फॉर अ लिव्हिंग," आणि सगळ्याजणी खिदळायच्या. ताई तेवढी माझ्या बाजूनं. "हसू नका. बसून करायचा जॉब आहे. हीटिंग आहे. आणखी काय पाहिजे?"

मला खरंच आणखी काही नको होतं. उलट मला सारखी भीती, की हे काढून घेतील. माझं इंग्रजी मोडकं, संगीत तर एक अक्षर कळत नव्हतं. उद्या कुणी येऊन म्हणेल, ही बाई इथं काय करतेय? असं कुणी म्हटलं नाही, त्याचं कारण एक म्हातारे गृहस्थ.

ते मूळचे स्वीडनचे. तरुणपणी आगबोटीनं आले, हॉटेलांच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवला, बोटं आखडायला लागली तेव्हा या गोदामात आले आणि म्हातारे झाले. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण म्हणा, अंगानं थोडी मोठी, गळ्यानं घोगरी. मी त्यांना तोंडावर सर म्हणायची आणि मनात काका. इथंही काकाच म्हणते. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, पण ते माझ्याशी सावकाश बोलायचे, एकेक शब्द ताटात वाढल्यासारखा. मला कळलं नाही तर पुन्हा वाढायचे. कपाळावर आठी नाही. परक्या देशात असं माणूस मिळालं तर त्याचे उपकार कसे फेडायचे, हे मला कधीच समजलं नाही.

खोडणं त्यांनीच शिकवलं. पांढरा मऊ रबर, एका दिशेनं, हात हलका. चुरा ब्रशनं झाडायचा, फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. शाईनं खूण केली असेल तर तो गुन्हा. तो पार्ट वेगळा ठेवायचा आणि दंडाचं पत्र जायचं. हळूहळू मला खुणा वाचता यायला लागल्या. चष्म्याचं चित्र काढलेलं असलं की समजायचं, इथं कंडक्टरकडं, म्हणजे समोर काठी हलवणाऱ्याकडं, डोळे लावायचे, नाहीतर फजिती. काही ठिकाणी तर सगळ्याच वाद्यांच्या पार्टवर चष्मे. मी जे संगीत कधी ऐकलं नव्हतं, त्यात कुठं सगळे मिळून घाबरतात तेवढं मला ठाऊक असायचं. नगाऱ्यावाल्यांच्या पार्टवर पानंच्या पानं गप्प बसणं असतं, तिथं फुली-गोळ्याचे डाव सापडायचे. एकानं लिहिलं होतं, "आता घरी बायको जेवायला बसली असेल." मी ते काकांना दाखवलं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "खोडा. पुढच्याची बायको वेगळी असेल."

गोदामाच्या मागच्या भिंतीला एक शेल्फ होतं, सगळं स्वीडिश. ते काकांचं. त्यातल्या माणसांच्या गोष्टी ते जेवणाच्या सुट्टीत मला सांगायचे. मी डब्यातली पोळीभाजी खायची, ते राईचा काळा पाव आणि चीज. एकजण होता, त्याच्या हयातीत त्याच्या सिंफन्या कुणी वाजवेना, म्हणून त्यानं काचेचा कारखाना चालवला. "आणि आता सगळे म्हणतात, आमच्यात सगळ्यात मोठा तोच. तो गेल्यावर." एक बाई होती. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या नोकरीवर बायकांना घेत नसत, तर तिनं आणि तिच्या वडिलांनी पाठपुरावा करून कायदा बदलून घेतला, मग आयुष्यभर वाजवलं, सिंफन्याही लिहिल्या. एका राजाचा ऑपेराच्या इमारतीत मुखवट्यांच्या नाचात खून झाला, त्याच्या अंत्यविधीचं संगीत ज्यानं लिहिलं तो त्याच वर्षी स्वतः गेला.

"सर, तुमच्याकडं कुणी सुखी नव्हता का?" मी एकदा विचारलं.

त्यांनी वरच्या फळीवरचा, कडा झिजलेला एक सेट दाखवला. तिकडं जूनमध्ये रात्र होत नाही, लोक डोक्यावर फुलं घालून रात्रभर नाचतात, त्या सणावरचा तो तुकडा. "हा सुखी. याला सगळे मागतात." खरंच, दर उन्हाळ्यात तो सेट कुठं ना कुठं जायचाच. मी तो इतक्या वेळा खोडला होता की काही पानं पापडासारखी पातळ झाली होती. बाकीच्या शेल्फवर धूळ.

सगळ्यात खाली एका निळ्या खोक्यात काकांच्या गुरूंची सिंफनी होती. ते गुरू म्हणजे उत्तरेकडच्या, लाकडाच्या गिरण्यांच्या गावातले चर्चचे ऑर्गनवादक. आयुष्यात एकच सिंफनी लिहिली. ती एकदाच वाजली. काका तेव्हा कोवळे, शिकवणीची फी द्यायला जवळ काही नव्हतं, म्हणून त्यांनी गुरूंच्या सिंफनीचे सगळे पार्ट स्वतःच्या हातानं उतरून काढले, आणि कार्यक्रमात शेवटच्या बाकावर बसून व्हायोला वाजवला. हॉल अर्धा रिकामा. दुसऱ्या दिवशी गुरू नेहमीसारखे एका मयताला ऑर्गन वाजवायला गेले, आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. तो सेट काकांनी ट्रंकेतून अमेरिकेत आणला आणि कंपनीला दिला, कुणीतरी मागेल म्हणून. इतक्या वर्षांत कुणी मागितला नव्हता.

मी तिथं लागल्यावर सातेक वर्षांनी नदीकाठी उंच इमारती उठायला लागल्या. गोदामं पाडायची ठरली. आम्हाला मागं, हायवेजवळ, लहान जागा मिळणार होती. आमची मॅनेजर माझ्याच वयाची बाई, च्युइंगम चघळत बोलायची, मनानं वाईट नव्हती. तिनं सांगितलं, "जे सेट फिरत नाहीत ते नव्या जागेत येणार नाहीत. रद्दीच्या ट्रकमध्ये जातील. सॉरी, पण जागा नाही."

काका उभे राहिले. "निळं खोकं?"

"या सीझनमध्ये एकदा तरी बाहेर गेलं, वाजलं, तर ते येईल. प्रॉमिस. नाही वाजलं तर मी काय करू, तुम्हीच सांगा."

त्या दिवसापासून काका बदलले. जेवणाची सुट्टी बंद. ते फोनवर. ओळखीचे कंडक्टर, अनोळखी कंडक्टर, कॉलेजं, चर्चं. त्यांचा आवाज फोनवर फार नम्र व्हायचा, ते मला ऐकवायचं नाही. मी उगाच लांबच्या टेबलाशी जाऊन बसायची. फोन ठेवल्यावर ते म्हणायचे, "विचार करतो म्हणाले," आणि मला कळायचं, आमच्याकडं स्थळं बघताना जसं म्हणतात तसंच ते 'विचार करतो' आहे.

मग मिशिगनमधल्या एका कॉलेजातून होकार आला. तिथल्या कंडक्टरची आजी स्वीडनची. वसंतात तो एक कार्यक्रम फक्त स्वीडिश संगीताचा करायचा. म्हणाला, पाठवा, बघू.

काकांनी निळं खोकं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. उघडलं, तर पार्ट पिवळे, आणि त्यावर त्या एकाच कार्यक्रमाच्या खुणा. दाट. स्वीडिशमध्ये लिहिलेले शब्द, गजाच्या खाली-वरच्या खुणा, बोटांचे आकडे, चष्मे नव्हेत, तिकडची माणसं डोळाच काढायची. छोट्या-छोट्या सूचना, की इथं हॉर्न येईपर्यंत थांब, इथं बासरीच्या मागून ये. व्हायोलाच्या शेवटच्या बाकाच्या पार्टवर काकांचं स्वतःचं कोवळं अक्षर.

"सगळं खोडायचं," काका म्हणाले.

"सर, सगळं? हे गजाचंसुद्धा?"

"सगळं. त्या मुलांना स्वीडिश येत नाही. त्यांना वाटेल, जुनं आहे, वापरलेलं आहे. ताजं दिसलं पाहिजे. काल लिहिल्यासारखं."

"तुमचा पार्टसुद्धा?"

"माझा आधी."

कोरा सेट पाठवायचा हा कंपनीचा नियमच होता, आणि काका नियमाचे पक्के. मुलीला दाखवायच्या दिवशी आई जसं तिचं एकेक नख बघते, तसं ते माझ्या मागं उभे राहून बघत होते. इथं राहिलंय. इथं पुन्हा. जुन्या पेन्सिलीची खूण हट्टी असते, कागदात रुतलेली. त्या आठवड्यात माझं बोट सुजलं. शेवटी सेट असा झाला, की कुणाचा हात त्याला कधी लागलाच नसावा. काकांनी स्वतः खोकं बांधलं. ट्रकवाला घेऊन गेला तेव्हा ते खिडकीतून, तो वळेपर्यंत बघत राहिले.

घरी मी ताईला सगळं सांगितलं. ताई भाजी फोडणीला टाकत म्हणाली, "अगं, तुझा काय संबंध? ती त्यांची सिंफनी."

"काकांनी मला सांभाळून घेतलंय."

"मग केक घेऊन जा. टेन्शन कशाला घेतेस?"

तिचं बरोबर होतं. पण माझं असंच आहे. मी दुसऱ्याच्या परीक्षेला जास्त घाबरते. रोज सकाळी जाताना वाटायचं, आज ते कॉलेज फोन करेल. देवघरापाशी उभी राहून मी काय मागायची, तर मिशिगनमधल्या अनोळखी मुलांना तालमीला सद्बुद्धी दे. भावजींनी एकदा ऐकलं. म्हणाले, "गणपतीला हे डिपार्टमेंट नवीन असेल."

फोन मॅनेजरबाईंना आला. त्या काकांच्या टेबलाशी गेल्या, च्युइंगम काढून कागदात गुंडाळलं, तेव्हाच मला समजलं.

"त्यांनी पहिल्या तालमीच्या आधीच कॅन्सल केलं. कंडक्टर म्हणतो, संगीत चांगलं आहे, मला आवडलं. पण पार्ट हातानं लिहिलेले, आणि त्यात काहीच नाही. गजाच्या खुणा नाहीत, कुणी कुणाच्या मागून यायचं ते नाही. सिंफनी सलग आहे, मध्ये कुठं थांबून सावरता येत नाही. मुलांकडं वेळ थोडा आहे. तो म्हणतो, आधी कुणीतरी वाजवलेला, मार्क केलेला सेट असता तर जमवलं असतं."

काकांनी टेबलावरचे कागद सरळ केले.

"त्याऐवजी त्यांनी तो उन्हाळ्याचा मागवलाय," त्या म्हणाल्या. "आजच पाठवायचा आहे."

माझ्या टेबलावर खोडरबराचा चुरा होता. तो मी ब्रशनं झाडला, पुन्हा झाडला. मला वाटलं, आता ते माझ्याकडं बघतील. बघितलं नाही. ते उठले, वरच्या फळीवरून तो सुखी सेट काढला, पार्ट मोजून बघितले आणि खोक्यात भरायला लागले. मी मदतीला गेले, तर म्हणाले, "खोडून पाठवायचा हा नियम चांगला आहे. फिरणाऱ्या सेटसाठी. निळ्या खोक्यातला एकदाच चाललेला होता. चालायला शिकवलेलं सगळं मी काढून घेतलं." एवढंच. आणि मग, "टेप द्या."

मी म्हणाले, "सर, मी खोडलं."

"तुम्ही विचारलं होतं," ते म्हणाले. "सगळं का, म्हणून विचारलं होतं."

कार्यक्रम झाला, आणि दोन्ही सेट एकाच मोठ्या खोक्यातून परत आले. तोवर निम्मं गोदाम बांधून झालं होतं. मी आधी उन्हाळ्याचा उघडला. नेहमीसारखा खुणांनी भरलेला, चष्मे, विनोद, एका पार्टवर फुलं घातलेली बाई. मग निळं खोकं. पहिलं व्हायोलिन कोरं. दुसरं कोरं. बासऱ्या, हॉर्न, सगळं मी पाठवलं तसंच. घडीसुद्धा न मोडलेली. माझी स्वतःचीच सफाई माझ्याकडं बघत होती.

व्हायोलाचे पार्ट उघडले, तर शेवटच्या बाकाच्या, म्हणजे काकांच्याच पार्टवर आकडे.

मी खिडकीपाशी नेऊन बघितलं. बारीक, धारदार पेन्सिल. बोटांचे आकडे, गजाच्या खुणा, पहिल्या पानावर, दुसऱ्या पानावर, आणि तसेच पुढं. हे तालमीतलं नव्हतं, हे मला कळत होतं. तालमीतल्या खुणांत दुसरी माणसं असतात. हॉर्नची वाट बघ, कंडक्टरकडं बघ. यात दुसरं कुणी नव्हतं. कुणीतरी एका पोरानं किंवा पोरीनं पार्ट हातात पडल्यापडल्या घरी नेऊन, एकट्यानं, शेवटच्या पानापर्यंत बसवला होता. तालीम होणार म्हणून. उन्हाळ्याच्या सेटमधल्या व्हायोलाच्या एका पार्टवरही तोच तीनचा आकडा होता, वरून सपाट. म्हणजे ते पोर कार्यक्रमात बसलं होतं, आणि दुसरं काहीतरी वाजवून घरी गेलं.

मी काकांना दाखवला. त्यांनी चष्मा बदलला. पानं उलटली.

"शेवटपर्यंत आहे," मी म्हणाले.

"हो."

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. निदान एकानं तरी. पण त्यांचा चेहरा आणखीच मिटला. नंतर मला उमगलं, की कुणीच हात लावला नसता तर संगीतात दम नव्हता असं तरी म्हणता आलं असतं.

मॅनेजरबाई आल्या. म्हणाल्या, "कॅन्सल झालेलं धरता येत नाही. पण ऐका, हे खोकं तुम्ही घरी न्या. कुणी विचारणार नाही. आठवण म्हणून."

"आठवण मला आहे," काका म्हणाले. "हे घरी नेऊन मी काय करू? कपाटात ठेवू? याला साठ-सत्तर माणसं लागतात. माझ्या खोलीत दोन खुर्च्या आहेत."

त्या गेल्यावर मी हळूच म्हणाले, "सर, मी नेते. ताईच्या घरी पलंगाखाली जागा आहे." ताईला विचारलं नव्हतं, भावजी काय म्हणतील माहीत नव्हतं.

ते पहिल्यांदा त्या दिवशी हसले. "मग एक दिवस तुम्हाला टाकावं लागेल. घर बदलाल, पलंग बदलाल. आणि तुम्हाला वाईट वाटेल. नको. मी दिलं होतं वाजवायला. ठेवायला नव्हतं दिलं."

रद्दीचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. दुपारी काकांनी कपाटातून व्हायोलाची पेटी काढली. ती तिथं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी खुंटी पिळली, कान लावला, पुन्हा पिळली. मग त्या पोराचा पार्ट माझ्या टेबलावरच्या दिव्याला टेकवून ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

"बसा," मला म्हणाले. "उभं राहून ऐकत नाहीत."

मी बसले. मला वाटलं, आता ती सिंफनी ऐकायला मिळणार. इतके दिवस जिच्यासाठी देवापुढं उभी राहिले ती.

त्यांनी एक लांब सूर काढला. घोगरा, जरा थरथरता. मग तीन-चार छोटे सूर. मग गज हवेत थांबला आणि ते पायानं ठेका धरून नुसते बसले. ओठ हलत होते, मोजत होते. बऱ्याच वेळानं पुन्हा दोन सूर. पुन्हा थांबले. खाली रुळांवरून मालगाडी गेली. पलीकडं मॅनेजरबाई खोक्यांना टेप लावत होत्या, टर्रर आवाज यायचा. काका मोजतच होते. मध्येच भुवया उंच करून म्हणाले, "आता हॉर्न. ऐकू आले?"

"नाही, सर."

"नाही," तेही म्हणाले.

मॅनेजरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ ऐकलं. "एवढीच आहे?" त्यांनी विचारलं. कुचकटपणानं नाही, खरंच विचारलं.

"हा व्हायोला आहे," काका गज न हलवता म्हणाले. "बाकीचे यायचे आहेत."

त्या परत गेल्या. टेपचा आवाज मात्र मग आला नाही. बहुतेक दुसरं काहीतरी काम काढलं असावं.

तिसऱ्या पानावर काका अडखळले. पुन्हा मागून वाजवलं, पुन्हा अडखळले. "इथं तिसरं बोट? नाही, नाही. असं नाही." त्यांनी पार्ट उचलून माझ्याकडं दिला. "तुमचे डोळे चांगले आहेत. इथं खाली माझा आकडा होता. दिसतो का बघा."

पेन्सिल खोडली तरी कागदात चीर राहते. उजेडात तिरपा धरला की दिसते. मी खिडकीशी जाऊन कागद असा धरला, तसा धरला. त्या पोराच्या तीनच्या खाली काहीतरी होतं. एक वळण. दोनचंही असेल, तीनचंही असेल. आणि कदाचित तो माझ्याच रबराचा ओरखडा असेल.

"काहीतरी आहे," मी म्हणाले. "पण काय ते कळत नाही."

"दोन?"

खोटं सांगावं असं मला फार वाटलं. दोन म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी माझ्याशी इतकी वर्षं एकेक शब्द नीट बोलून काढली होती. "नाही कळत, सर."

त्यांनी पार्ट घेतला, दिव्याला टेकवला. ती जागा एकदा दुसऱ्या बोटानं वाजवली, एकदा तिसऱ्या. बोटं आखडलेली, दोन्ही वेळा सूर तुटला. मग खिशातून पेन्सिल काढली. मला वाटलं, तीन खोडून दोन लिहिणार. त्यांनी पेन्सिल थोडा वेळ हातात धरली आणि परत खिशात ठेवली. तीन तसाच राहू दिला, आणि त्या पोराच्या बोटानं पुढं वाजवायला लागले.

शेवटचं पान आलं. तिथं व्हायोला एक सूर लांब, अगदी लांब धरतो, बारीक करत नेतो, आणि थांबतो. मला वाटलं, झालं. मी हात जवळ आणले. काकांनी मान हलवली. व्हायोला मांडीवर घेतला आणि पायानं ठेका धरून पुन्हा मोजायला लागले. शेवटच्या ओळी व्हायोलाला नुसत्याच थांबायच्या आहेत, शेवट दुसरीच वाद्यं करतात, हे मला तेव्हा कळलं. कोणती, ते मी विचारलं नाही. ते डोळे मिटून मोजत होते. मी त्यांच्या बुटाकडं बघत होते. चेहऱ्याकडं बघवत नव्हतं.

मग बूट थांबला.

"संपली," ते म्हणाले.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, मला समजेना. मी काही ऐकलंच नव्हतं. जे ऐकलं त्याला सिंफनी म्हणायचं का, हेही माहीत नव्हतं. मी उठून त्यांच्यासमोरचा पार्ट घेतला, दुसऱ्या व्हायोलिनच्या खाली आणि चेलोच्या वर त्याची जागा असते, तिथं सरकवला. त्यावरचं खोडायचं आता कारण नव्हतं, मला कुणी सांगितलंही नाही. निळ्या खोक्यावर झाकण बसवलं. काका गजाचा ताण सैल करत होते. मी म्हणाले, "सर, चहा करते," आणि मागं गेले, पण किटली आदल्या दिवशीच खोक्यात गेली होती.